मोरीच्या तोंडाशी

हाडाला भोक पाडल्याचा आवाज दातांतून ऐकू येतो, हे तुम्हाला आजवर माहीत नव्हतं.

तुम्ही पालथे पडला आहात. कपाळाखाली टॉवेलची घडी आहे. डोकं भादरून तुळतुळीत केलंय आणि मागच्या बाजूची कातडी टोचून बधिर केलीय. दुखत काहीच नाही, कारण हाडाला भोक पाडताना कळ येते ती वरच्या कातडीची. थरथर मात्र जबड्यापर्यंत पोचते. तुमच्या मागे उभा असलेला माणूस सुताराच्या गिरमिटासारखं हत्यार हातानं फिरवतोय. थांबतो, भुसा पुसतो, पुन्हा फिरवतो. मग दुसऱ्या बाजूला तेच.

साल १९२६. गाव बाल्टिमोर, अमेरिका. जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल.

इथवर तुम्ही स्वतःच्या पायांनी आलात, हे त्यातल्या त्यात बरं. ब्रॉडवे नावाच्या रस्त्यावर लाल विटांची इमारत, वर घुमट, आणि घुमटाखाली संगमरवरी येशू, दहा फुटांहून उंच, दोन्ही हात पसरलेला. येणारेजाणारे त्याच्या पायाच्या बोटाला हात लावून पुढे जात होते. तुम्हीही लावलात. आपल्याकडच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. पुढे गेल्यावर कळलं की इथे गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. गव्हाळ रंगाच्या माणसाला कुठे खाट द्यायची, हा प्रश्न दारावरच्या कारकुनाला खरोखर पडला असता. पण मी तुम्हाला शंभर वर्षं मागे आणलंय, तेव्हा एवढी सोय माझ्या हातात आहे असं समजा. पडा निवांत.

आठ महिन्यांपासून डोकं दुखतंय. सकाळी उठल्यावर जास्त. बुटाची नाडी बांधायला वाकलात की कवटीत कोणीतरी आतून दार लावून घेतल्यासारखं होतं. पडून कूस बदलली की कधीकधी ते दार उघडतं आणि पाच मिनिटांत तुम्ही ठणठणीत. घरच्यांना वाटतं, नाटक आहे. दोनदा भर रस्त्यात गुडघे दुमडले. शुद्ध गेली नाही, फिट आली नाही, नुसते पाय गेले. आणि लोक जमायच्या आत तुम्ही उठून कपडे झटकत होता. मग डोळ्यांच्या डॉक्टरनं भिंगातून आत पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर नस जिथे उगवते, तिथे सूज होती. म्हणजे डोक्यातला दाब वाढलाय, एवढं नक्की.

का वाढलाय, हे मात्र कोणालाच सांगता येईना. त्या काळचा मेंदूचा डॉक्टर काय हरवलंय त्यावरून जागा ओळखायचा. उजवा हात लुळा पडला तर डावीकडे बघ, बोलणं गेलं तर अमुक ठिकाणी बघ. तुमचं काहीच हरवलेलं नाही. हात चालतो, जीभ चालते, चव कळते, नाव-गाव आठवतं. एक्स-रे काढला तर त्यात कवटी छान दिसली. पण मेंदू आणि मेंदूतलं पाणी किरणांना सारखंच. बंद दाराच्या घराचा फोटो काढावा तसं ते चित्र.

आता तुम्ही आणि मी पुढच्या शतकातून आलोय, म्हणून आपल्या दोघांपुरतं सांगून ठेवतो. तुमच्या डोक्यात एक वाटाणा आहे.

मेंदूच्या पोटात पाण्याच्या पोकळ्या असतात. डावीउजवीकडे एकेक मोठी, आणि त्यांच्या मधोमध खाली एक अरुंद फट. तिला तिसरी पोकळी म्हणतात. दोन्ही मोठ्या पोकळ्यांतून या फटीत उतरायला एकेक लहानसं छिद्र असतं. मोन्रोचं छिद्र, असं त्याचं नाव. मेंदू दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर पाणी तयार करतो, आणि एका वेळी आत साठतं ते दीडशे मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनेकदा बदलतं. वाहतं राहणं हाच त्याचा धर्म. तुमचा वाटाणा तिसऱ्या पोकळीच्या छताला, अगदी पुढच्या टोकाला, त्या दोन छिद्रांच्या मध्ये लोंबकळतोय. कोलॉइड सिस्ट. पातळ कातडीची पिशवी, आत फणसाच्या चिकासारखा दाट, चिकट द्रव. कॅन्सर नाही. पसरत नाही, मुळं धरत नाही, मेंदू कुरतडत नाही. हाच वाटाणा चार सेंटिमीटर अलीकडे-पलीकडे असता, तर तुम्ही तो डोक्यात घेऊन सुखानं म्हातारे झाला असता आणि त्याची कोणाला वार्ताही लागली नसती.

पण तो मोरीच्या तोंडाशी आहे. मोरीत शिताचा गोळा अडकला की घरभर पाणी होतं, त्यात शिताचा काय दोष? घरात पाणी झालं तर आपण पाय वर घेऊन बसतो. कवटीत पाय वर घ्यायला जागा नसते. मागून पाणी येतच राहतं, पोकळ्या फुगत जातात, मेंदू कवटीच्या भिंतीवर दाबला जातो. वाट एकदम पूर्ण बंद झाली तर माणूस काही तासांत जातो. जेवताना हसत होता आणि सकाळी उठलाच नाही, अशा मरणांमागे क्वचित हा वाटाणा निघालाय.

मागे उभा असलेला माणूस आता गिरमिट बाजूला ठेवतो. त्याचं नाव वॉल्टर डँडी. वय चाळीस, मिझुरी राज्यातल्या सेडेलिया गावचा. हात विलक्षण चपळ, आणि डोकं भडकलं तर आजूबाजूचे सहायक जीव मुठीत धरून उभे राहतात. एके काळी मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होता. पुढे कुशिंग बॉस्टनला गेले, याला मागेच सोडून, आणि दोघांचं जन्मभर फाटलं. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या भांडणाशिवाय सांगता येत नाही, पण तुमच्या डोक्याला भोकं पडलेली असताना मी त्यात शिरत नाही.

डँडी भोकातून बोथट सुई आत घालतात. खोल. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यामुळे तुम्हाला कळतं ते इतकंच की मागे कोणीतरी श्वास रोखलाय. मग थेंब. स्वच्छ, नितळ पाणी दाबानं बाहेर येतं. ते थोडं काढायचं आणि तेवढीच हवा आत सोडायची. पुन्हा थोडं काढायचं, पुन्हा हवा.

हो, हवा. या खोलीतलीच.

ही युक्ती डँडींनी १९१८ साली छापली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. त्याआधी त्यांनी एक्स-रेत उठून दिसतील अशी नाना रसायनं कुत्र्यांच्या मेंदूच्या पोकळीत सोडून पाहिली होती. सगळी घातक निघाली. त्यांचे गुरू विल्यम हॉल्स्टेड यांना पोटाच्या एक्स-रेत आतड्यातला वारा हाडांवरही काळा उमटतो याचं मोठं नवल वाटे, आणि ते वारंवार बोलून दाखवत. शिवाय १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरनं कवटी फुटलेल्या रुग्णाचा एक्स-रे छापला होता. त्यात बाहेरची हवा आत शिरून मेंदूच्या पोकळ्या आपसूक दिसत होत्या. डँडींनी दोन्ही धागे जोडले. वाऱ्यानं आतडं दिसतं, तर मेंदूही दिसेल. पहिले प्रयोग लहान मुलांवर झाले, त्यांतल्या काहींच्या टाळूची हाडं अजून जुळली नव्हती. तिथे भोकाचीही गरज नव्हती. इतकी साधी गोष्ट मोठ्या माणसांना कशी सुचते, याचं मला नेहमी कुतूहल वाटतं. वारा तर प्रत्येकाच्याच पोटात असतो.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला तुमचं डोकं उठतं. नेहमीचं दुखणं याच्यापुढे काहीच नव्हतं. मळमळतं, पोटात काही नसताना उमासे येतात, अंगाला घाम सुटतो. नर्स तुमचा हात धरते. आता चित्रं काढायची. तुम्हाला उताणं करतात, मग कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर, मग पुन्हा पालथं. गवंड्याच्या पाणसळीतला बुडबुडा जसा वर येतो, तशी आतली हवा दर वेळी वरच्या अंगाला जाते, आणि प्रत्येक वेळी पोकळीचा निराळा कोपरा काचेच्या पट्टीवर उमटतो. तुम्ही मनात म्हणता, पुरे. ते म्हणतात, अजून एक.

काही रुग्ण या तपासणीतच गेले. डँडींना ते ठाऊक होतं. कुशिंग यांना ही पद्धत बरीच वर्षं पसंत नव्हती, त्याचं एक कारण हेही. भांडण बाजूला ठेवलं तर दोघांचंही बरोबर होतं, असं मला वाटतं.

पट्ट्या धुऊन ओल्याच उजेडापुढे धरल्या जातात. तुम्हाला दाखवत नाहीत, पण माझ्याबरोबर उठून बघा. पाखराच्या पंखांसारख्या दोन मोठ्या काळ्या सावल्या, दोन्ही सारख्याच फुगलेल्या. डावीकडून भरलेली हवा उजवीकडे जाईलच याची खात्री नसते, म्हणून तर दोन भोकं पाडली होती. आणि मधली फट, जिथे एक काळी रेघ दिसायला हवी, तिथे काही नाही. हवा तिथवर गेलीच नाही. वाटाणा कोणाला दिसलेला नाही, कोणत्याच पट्टीवर नाही. दिसतेय ती फक्त न भरलेली जागा. डँडी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवतात आणि म्हणतात, इथे आहे.

आता जरा आणखी मागे. फार वेळ नाही लागणार. १८५८ साली वालमन नावाच्या डॉक्टरनं जर्मन वैद्यकीय पत्रिकेत अशा गाठीचं पहिलं वर्णन छापलं. तिथे तुम्ही दगडी टेबलावर आहात, आणि तुम्हाला काहीही दुखत नाही. डोकं उघडून कोणीतरी म्हणतोय, अरेच्चा. तुमच्या आजाराला नाव मिळालं, तुम्हाला त्याचा उपयोग झाला नाही. त्यानंतर साठाहून जास्त वर्षं ही गाठ मेलेल्यांच्याच डोक्यात सापडत राहिली. १९२१ साली डँडींनी ती पहिल्यांदा जिवंत माणसाच्या डोक्यातून काढली. तुमच्या आधी पाच वर्षं. पाच वर्षांत हात किती बसतो, हा विचार आत्ता करू नका.

तुम्हाला भूल देतात. ईथरचा गोडसर, घशात अडकणारा वास. पुढचं तुम्ही पाहणार नाही, मी सांगतो. उजव्या कपाळामागचं हाड दाराच्या फळीसारखं उचलायचं. वाटाणा तिथून बोटभर लांबीच्याही पलीकडे, मेंदूच्या ऐन मध्यात. वाट करायची तर मेंदूतूनच करायची. उजव्या कपाळामागचा तुकडा कापून काढून पोकळीत उतरायची रीत डँडींनी पुढे १९३३ सालच्या आपल्या पुस्तकात तपशिलानं मांडली. ते पुस्तक तिसऱ्या पोकळीतल्या साध्या गाठींवरच आहे. सूक्ष्मदर्शक नाही. अँटिबायोटिक नाही, पेनिसिलिन औषध म्हणून मिळायला अजून दीड दशक आहे. खोल विहिरीच्या तळाशी राखाडी-हिरवट, चमकदार गोळा दिसतो. त्याला भोसकून आतला चिक ओढून घ्यायचा म्हणजे पिशवी सुरकुतते, मग देठापासून ती हलकेच सोडवायची. ओढाताण चालत नाही. त्या छिद्राच्या काठावरूनच मज्जातंतूंची एक कमान जाते, फॉर्निक्स. नव्या आठवणी साठवायची वाट तिच्यातून आहे. ती दुखावली तर तुम्ही वाचाल, चालाल, बोलाल, आणि सकाळी भेटून गेलेला भाऊ दुपारी पुन्हा आला की विचाराल, कधी आलास?

तुम्ही जागे होता तेव्हा खोलीत तीनच खाटा आहेत. डँडींनी १९२३ साली मेंदूच्या रुग्णांसाठी अशी वेगळी खोली केली, जिथे नर्स रात्रंदिवस बसून असते. आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो आणि ज्याच्या बिलानं घाम फुटतो, त्याचा एक पूर्वज हा. डोकं दुखतंय, पण जखमेचं. वाकून बघा. काही होत नाही.

या वाटाण्याला बाल्टिमोरपासून लांब राहणारी डोकीही भेटली. ब्रिटिश डॉक्टर रेजिनाल्ड केली यांनी १९५१ साली असे २९ रुग्ण अभ्यासून छापले. त्यांतले काही जण नुसत्या डोकेदुखीचे. काहींना मध्येच झटके येत आणि मधल्या काळात ते अगदी ठीक. आणि काहींची बुद्धी हळूहळू मंद होत गेलेली, कधी बरी कधी वाईट. या तिसऱ्या प्रकारात तुम्ही असता, तर तुम्हाला वेड लागलंय असं घरच्यांनी ठरवून टाकणं मुळीच अवघड नव्हतं. मुंबईत त्याच दशकात राम गिंडे आणि होमी दस्तूर यांनी मेंदूची शस्त्रक्रिया उभी केली. तिथेही तुम्हाला हवाच मिळाली असती. जुने डॉक्टर आजही ‘एअर स्टडी’ हा शब्द काढतात तेव्हा त्यांचा चेहरा किंचित आंबट होतो.

आता विम्बल्डन. टेनिसचं नव्हे, तिथल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलचं तळघर म्हणा किंवा आडोशाची खोली म्हणा. १ ऑक्टोबर १९७१. आज पाळी तुमची नाही. एक बाई आडव्या पडल्या आहेत, डोक्याला रबराची टोपी, आणि ते डोकं पाण्याच्या पेटीत सरकवलेलं. भोक नाही, सुई नाही, भूल नाही. एक यंत्र डोक्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत किरण सोडत सरकतं, मग एक अंश वळतं, पुन्हा सरकतं. १८० वेळा. एकूण २८,८०० मोजमापं. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हे रेकॉर्डं काढणाऱ्या ईएमआय कंपनीतले इंजिनिअर, शेतकऱ्याच्या घरचे. आधी खाटकाकडून बैलाचे ताजे मेंदू आणून त्यांच्यावर त्यांनी हात बसवला होता. बीटल्सच्या गाण्यांच्या पैशावर हे यंत्र झालं, अशी गोष्ट फार आवडीनं सांगितली जाते. हिशोब तपासणाऱ्यांना त्यात ब्रिटनच्या आरोग्य खात्याचा पैसाच जास्त दिसला. गोष्ट म्हणून बीटल्स बरे, एवढंच.

चुंबकीय फीत गणितासाठी कंपनीत जाते आणि चित्र परत येतं. उभ्याआडव्या ८० ठिपक्यांचं, भरड, रांगोळीच्या ठिपक्यांसारखं. पण त्यात कपाळामागे एक गोल काळा डाग स्पष्ट आहे. द्रवानं भरलेली गाठ. मेंदूतल्या गाठीला स्वतःचा आकार आणि स्वतःची छटा मिळाली, आणि त्यासाठी त्या बाईंना फक्त स्थिर पडून राहावं लागलं. रेडिओलॉजिस्ट जेम्स ॲम्ब्रोज आणि हाउन्सफिल्ड त्या डागाकडे पाहत उभे आहेत. त्यांच्या मागे तुम्ही उभे राहा. तुमच्या डोक्याच्या मागच्या बाजूला दोन खड्डे अजून बोटाला लागतात.

चला घरी.

पुणे. एमआरआय सेंटरच्या बाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तुम्ही बसलाय. स्कूटरवरून पडून डोकं आपटलं म्हणून मुलीनं आग्रहानं आणलं. आपटल्याचं काही नाही. पण रिपोर्टच्या खालच्या परिच्छेदात एक ओळ आहे, जी कोणी मागितली नव्हती: तिसऱ्या पोकळीच्या पुढच्या टोकाला ५ मिलिमीटरची कोलॉइड सिस्ट. मुलीनं मोबाइलवर तो शब्द शोधलाय आणि ती पांढरीफटक पडलीय.

न्यूरोसर्जन फिल्म उजेडापुढे धरतात. मुलगी विचारते, गाठ साधीच आहे ना? साधीच. पाणी झालंय का? नाही, पोकळ्या बारीक आहेत, दोन्ही दारं उघडी आहेत. पाच मिलिमीटर लहान; साधारण सातच्या वर गेली, पोकळ्या फुगल्या किंवा त्रास सुरू झाला, तर काढायचा विचार. काढायची म्हणजे? कपाळाच्या वर, केसांच्या रेषेपाशी एक भोक, त्यातून दुर्बीण, दुर्बिणीच्याच नळीतून बारीक चिमटा आणि चिक ओढायची नळी. नाहीतर कवटी थोडी उघडून, मेंदूच्या दोन भागांच्या मधल्या फटीतून, सूक्ष्मदर्शकाखाली. दुर्बिणीनं घरी लवकर जाता. उघडून केलं तर पिशवी मुळासकट निघायची खात्री जास्त. कोणतं चांगलं, यावर सर्जन आजही वाद घालतात, आणि ज्याचा हात ज्यावर बसला त्याला ते चांगलं वाटतं. तुम्हाला वाटतं, डँडींनी १९२२ सालीच मूत्राशय तपासायची दुर्बीण मेंदूच्या पोकळीत घालून पाहिली होती, ते यांना सांगावं. पण बाहेर पंधरा पेशंट थांबलेत.

“एक वर्षानं पुन्हा एमआरआय करू,” डॉक्टर म्हणतात. “मध्ये डोकं फार दुखलं, उलट्या झाल्या, झापड आली, तर वाट बघायची नाही. सरळ इमर्जन्सीला यायचं. रात्री दोन वाजले तरी.”

“आणि एरवी?”

“एरवी काही नाही. स्कूटर जपून चालवा.”

बाहेर पायरीवर तुमची चप्पल आहे. पट्टा सुटलाय. मुलगी म्हणते, “थांबा बाबा, मी लावते.” तुम्ही तिला हातानंच थांबवता, भिंतीला टेकता आणि सावकाश खाली वाकता. वाकलेलेच राहता थोडा वेळ, पट्टा लागून गेला तरी, ऐकत.